घोंगडी

विटा हे सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. या गावात यंत्रमागांचा खडखडाट दिवसाही चालतो आणि रात्रीही चालतो. मागांच्या शेजारी वाढलेल्या मुलाला त्या आवाजाची इतकी सवय होते, की एखाद्या रात्री वीज गेली आणि माग थांबले, तर त्या शांततेनेच त्याला जाग यावी! विट्याचे व भोवतालच्या खेड्यांतील लोक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त भारतभर पसरलेले आहेत, हेही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु याच भागात एक तिसरा उद्योग फार जुन्या काळापासून चालत आला आहे. त्याला वीज लागत नाही आणि त्याचा आवाजही फारसा होत नाही. तो म्हणजे काळ्या लोकरीची घोंगडी विणण्याचा उद्योग.

विट्याहून पूर्वेस खानापूर व आटपाडीच्या दिशेने निघाले, म्हणजे हळूहळू झाडी विरळ होत जाते आणि उघडे माळ दिसू लागतात. सह्याद्रीच्या रांगेत ढग आपले बहुतेक पाणी ओतून मोकळे होतात आणि इकडे येईपर्यंत त्यांच्यापाशी देण्यासारखे थोडेच उरते. येरळा, अग्रणी, माणगंगा या येथील नद्या वर्षातील बरेच महिने कोरड्या असत. अशा भूमीत शेतीवर विसंबून राहणे कठीण. म्हणून येथील कित्येक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या पाळल्या. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' ही १९५५ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी माणदेशातील अशाच एका धनगरवाडीची कथा आहे. मेंढी माळावरच्या खुरट्या गवतावर जगते, कोसच्या कोस चालते आणि धन्याला लोकर, खत व कोकरे देते. तिच्या अंगावरची लोकर तिच्याच राखणदाराच्या अंगावर जावी, यात नवल ते कोणते?

मेंढपाळाच्या खांद्यावरची घडी केलेली घोंगडी तुम्ही पाहिली असेल. तिला तो किती कामांना लावतो, हे मोजू लागले तर बोटे पुरत नाहीत. थंडीत ती पांघरूण होते, रात्री अंथरूण होते, दुपारी काठीवर टाकली की सावली होते. पाऊस आला, की तिचे एक टोक दुमडून तो खोळ करतो आणि डोक्यावरून घेतो. मग पाठीवरून पाणी निथळत राहते आणि आतला सदरा कोरडा राहतो. मळणीच्या वेळी तिच्यावर धान्य पडते. पाहुणा आला, की झटकून तीच पुढे अंथरली जाते. वाटेत एखादी मेंढी व्याली, तर ओलेचिंब कोकरू तिच्याच घडीत गुंडाळून तो पुढच्या मुक्कामापर्यंत नेतो. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या खांद्यावर घोंगडी असे. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी ही संस्था स्थापन केली. आजही त्यांच्या पुतळ्यांत शिल्पकार ती घोंगडी दाखवावयास विसरत नाही, कारण तिच्यावाचून भाऊराव ओळखू येणार नाहीत.

घोंगडी विणण्याचे काम मुख्यत्वे सनगर आणि खुटेकर धनगर या समाजांतील लोक करीत आले आहेत. विणण्यासाठी उभे धागे खुंट्यांवर ताणावे लागतात. त्या खुंट्यांवरूनच 'खुटेकर' हे नाव पडले, असे सांगतात. पण घोंगडी एकट्या विणकराची नसते. मेंढपाळ, कातरणारा, पिंजणारा, सूत कातणाऱ्या स्त्रिया आणि विणकर अशा अनेकांचे हात तिला लागतात. त्यांतील प्रत्येकाचा आनंद निराळा आहे. तो समजून घ्यावयाचा, तर लोकर मेंढीच्या अंगावर असते तेव्हापासून तिच्या मागे निघाले पाहिजे.

दक्षिण महाराष्ट्रातील या मेंढीला दख्खनी मेंढी म्हणतात. ती बांध्याने लहान, काटक आणि बहुधा काळी असते. वर्षातून दोनदा तिची लोकर कातरतात. कातरण्यापूर्वी मेंढ्यांना ओढ्यात किंवा तळ्यात घालून धुऊन काढतात. मेंढ्यांना पाण्याची मुळीच हौस नसते. त्यामुळे त्या दिवशी माणसे आणि मेंढ्या दोघेही सारखेच भिजतात, आणि पोरांची चैन होते. मग अंग वाळल्यावर एकेका मेंढीचे पाय धरून तिला आडवी करतात आणि मोठ्या कातरीने लोकर उतरवून घेतात. कातर कातडीला लागता कामा नये आणि लोकर तर मुळापासून निघाली पाहिजे. कसबी माणसाच्या हाताखाली लोकरीची सबंध लादी गालिचा गुंडाळावा तशी सुटत येते. मोकळी झालेली मेंढी उठते, अंग झाडते आणि कळपात जाते. क्षणभर तिचे कोकरूसुद्धा तिला ओळखत नाही.

एका दख्खनी मेंढीपासून वर्षाकाठी जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर मिळते. ऑस्ट्रेलियातील मेरिनो जातीची मेंढी चार-पाच किलो सहज देते, हे लक्षात घेतले म्हणजे आपली मेंढी किती कमी देते ते कळून येईल. दोन-अडीच किलो वजनाची एक घोंगडी करावयाची, तर एका कातरणीतील आठ-दहा मेंढ्यांची लोकर खर्ची पडते. कोकराची पहिल्या वेळची लोकर सर्वांत मऊ असते. तिला जावळ म्हणतात. लहान मुलाच्या पहिल्या केसांनाही आपण जावळच म्हणतो. जावळाची घोंगडी अंगाला टोचत नाही, म्हणून तिला मान अधिक आणि मोलही अधिक.

कातरलेल्या लोकरीत काटे, कुसळे, माती आणि लेंड्यांचे कण अडकलेले असतात. ते हाताने वेचावे लागतात. हे काम कंटाळवाणे खरे. पण चार बायका ढिगाभोवती बसल्या, की बोलता बोलता ढीग उपसला जातो. याच वेळी रंगांची निवडही होते. काळी लोकर एकीकडे, पांढरी दुसरीकडे, करडी आणि तांबूस झाकेची तिसरीकडे. घोंगडीला बहुधा रंग देत नाहीत. मेंढीने जो रंग दिला तोच तिचा रंग. त्यामुळे तो धुतल्याने जात नाही. काळ्या घोंगडीच्या कडेला पांढरी किनार दिसते ती पांढऱ्या मेंढीची लोकर असते, आणि ती कोठे किती घालावयाची हे विणकराच्या आवडीवर असते.

निवडलेली लोकर पिंजणाच्या तातीखाली धरून पिंजतात. पिंजण म्हणजे एक प्रकारचे मोठे धनुष्यच. तात छेडली, की ती लोकरीत थरथरते. गुंता सुटतो आणि केस न् केस मोकळा होतो. मघाची चिकटलेली, मळकट लादी आता धुरासारखी हलकी झालेली असते. तिचे छोटे छोटे पेळू करून सूत कातणारीच्या हाती देतात.

कातण्याचे काम बहुशः घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडे असते. सकाळची भाकरी-भाजी आटोपली, गुरांना वैरण पडली, म्हणजे ती सोप्यात रहाट घेऊन बसते. उजव्या हाताने चाक फिरते, डाव्या हाताच्या चिमटीत पेळू असतो आणि त्या दोहोंच्या मध्ये, चातीच्या टोकावर, धागा जन्माला येतो. हात मागे मागे जातो तसा धागा लांबतो. चाक उलटे जरासे फिरवले, की तो चातीवर गुंडाळला जातो. पाहणाराला वाटते, यात काय अवघड आहे? पण त्याने स्वतः बसून पाहावे! चिमूट सैल पडली तर धागा जाड होतो; आवळली तर तुटतो. पीळ कमी पडला तर धागा गळतो, अधिक पडला तर त्याच्या गाठी वळतात. कातणारी मात्र शेजारणीशी बोलत असते, दारातील कोंबडी हाकलीत असते, नातवाला दटावीत असते. आणि तिची बोटे डोळ्यांना न विचारता आपले काम करीत राहतात.

पिळामध्ये एवढे काय आहे, हे प्रत्येकाला घरबसल्या पाहता येईल. थोडा कापूस घ्यावा आणि तो दोन्ही हातांनी ओढावा. तो सहज अलग होतो. आता तेवढ्याच कापसाची बारीक बत्ती करून ती दोन बोटांमध्ये एकाच दिशेने चांगली वळावी आणि मग ओढून पाहावी. ती सहजासहजी तुटत नाही. तंतू तेच, वजनही तेच. पण पीळ बसल्यामुळे प्रत्येक तंतू शेजारच्या तंतूला घट्ट बिलगतो आणि घर्षणामुळे कोणालाच निसटून जाता येत नाही. लोकरीच्या तंतूवर तर अतिशय सूक्ष्म खवले असतात. ते एकमेकांत अडकतात, म्हणून लोकर अधिकच चांगली धरून राहते.

एका घोंगडीपुरते सूत निघावयास कित्येक दिवस लागतात. विणकर मात्र तेच सूत दोन-तीन दिवसांत विणून संपवतो. ही तफावत जगात सर्वत्र होती. इंग्लंडमध्ये १७३३ साली जॉन के याने दोरी ओढताच धावणारा धोटा शोधून काढला, तेव्हा विणण्याचा वेग आणखी वाढला, आणि सूत पुरवता पुरवता कातणारे थकून गेले. पुढे त्याच शतकात कातण्याची यंत्रे निघाली, त्यामागे ही सुताची टंचाईही होती. विणणाराचे नाव होते, पण वेळ मोजला तर कापडात कातणाराचाच वाटा मोठा असतो. घोंगडीच्या बाबतीत ही गोष्ट अजून तितकीच खरी आहे.

सूत तयार झाले, की ताणा घालण्याचा दिवस येतो. उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात आणि आडव्यांना बाणा. घोंगडीच्या लांबीचा अंदाज घेऊन अंगणात किंवा गल्लीत खुंट्या ठोकतात आणि धागा त्यांच्याभोवती फिरवीत नेतात. शेकडो फेऱ्या होतात. एक फेरी चुकली, तर ती विणताना उघडी पडते. म्हणून या वेळी विणकराशी कोणी बोलत नाही. ताणा पूर्ण झाला, म्हणजे त्याला खळ द्यावयाची असते. ही खळ चिंचोक्यांची. चिंचोके भाजून, वरचे टरफल काढून, भिजवून वाटतात आणि पाण्यात शिजवतात. चिकट, तपकिरी लापशी तयार होते. ताणलेल्या सुतावर ती लावून मोठ्या कुंच्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडीत जातात. सुताचे उभे राहिलेले केस आडवे होतात, धागा गुळगुळीत व दणकट होतो आणि मागावरचे ओढणे-ठोकणे सोसू शकतो. चिंच खाऊन आपण ज्या बिया फेकून देतो, त्यांची ही करामत आहे. कापडाच्या आणि तागाच्या गिरण्यांतही चिंचोक्याची पूड खळीसाठी वापरली गेली आहे.

खळ देण्याचे काम ऊन चढण्याच्या आत उरकावे लागते, आणि त्याला दोन-चार माणसे लागतात. शेजारी न बोलावता येतात. गल्लीतून जाणारी सायकल थांबते. गाय आली, तर कोणीतरी तिला वळसा घालून नेतो. ओली लोकर आणि चिंचोके यांचा मिळून एक विशिष्ट वास दिवसभर दरवळत राहतो. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांना तो उग्र वाटेल. ज्याचे बालपण त्या वासात गेले, त्याला पुढे कोठेही नवी घोंगडी नाकाशी धरली, की आपली गल्ली आठवते.

घोंगडीचा माग जमिनीतच असतो. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो आणि त्याचे पाय खड्ड्यातील पावड्यांवर असतात. एक पावडी दाबली, की ताण्याचे अर्धे धागे वर उचलले जातात आणि मध्ये वाट उघडते. त्या वाटेतून तो हाताने धोटा फेकतो, पलीकडच्या हाताने झेलतो, बाणा ठोकून घट्ट बसवतो आणि दुसरी पावडी दाबतो. आता आधी खाली असलेले धागे वर येतात, आणि धोटा उलट दिशेने परत येतो. फेक, झेल, ठोक. फेक, झेल, ठोक. धोटा हातानेच झेलावयाचा असल्यामुळे विणकराचे दोन्ही हात जेथवर पोहोचतात तेवढीच कापडाची रुंदी. त्याहून रुंद घोंगडी हवी असेल, तर दोन पट्ट्या विणून त्या मध्ये शिवून जोडाव्या लागतात.

या कामात विणकराला कोणते सुख मिळत असेल? पैशाचे म्हणावे, तर तो फारसा मिळत नाही. सुखे लहान लहान आहेत. सकाळी मागावर बसताना खड्ड्यातील माती पायांना गार लागते, हे एक. हाताला लय सापडली, की मग श्रम जाणवत नाहीत, हे दुसरे. दुपारी दारातून आत येणारे ऊन ताण्यावर पडते आणि ज्या लोकरीला लोक नुसती काळी म्हणतात, तिच्यात तांबूस, निळसर, राखी अशा कितीतरी छटा चमकून जातात; त्या त्याच्याखेरीज कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. एखादे कांडीभर सूत विशेष चांगले लागले, तर "हे आईच्या हातचं दिसतंय," असे तो आपल्याशीच म्हणतो, कारण घरातल्या प्रत्येकीचा धागा त्याच्या बोटांना ओळखता येतो. आणि शेवटी विणून झालेले वस्त्र मागावरून कापून काढण्याची घटका येते. त्या वेळी घरातील सारी मुले भोवती जमतात. कापल्यानंतर उरलेल्या धाग्यांच्या दशांना गाठी मारून पदर बांधतात, वस्त्र जमिनीवर पसरतात आणि त्यावर पहिल्यांदा कोणी लोळावयाचे यासाठी भांडण जुंपते!

नवी घोंगडी खळीमुळे ताठ व खरखरीत असते. ती वापरून आणि धुऊन मऊ पडते. तिचे गुण मात्र पहिल्या दिवसापासून असतात. लोकरीचा तंतू सरळ नसतो. त्याला लहान लहान वळणे असतात. त्यामुळे विणीमध्ये हवा कोंडून राहते, आणि कोंडलेली हवा उष्णतेला सहज बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे घोंगडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही, तर आपल्याच अंगाची ऊब आपल्यापाशी राखून ठेवते. तंतूच्या बाहेरील खवल्यांवरून आणि त्यावरील स्निग्ध थरावरून पावसाचे थेंब ओघळून जातात. तरीही ओलावा आत शिरलाच, तर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषूनही लोकर हाताला ओली लागत नाही. उलट ओलावा शोषताना ती थोडी उष्णता बाहेर टाकते. शेकोटीची ठिणगी पडली, तर लोकर भडकून पेटत नाही. जळक्या केसांसारखा वास येतो आणि ठिणगी विझते. उघड्या माळावर रात्री काढणाऱ्या मेंढपाळाला याहून अधिक काय हवे?

पण पाऊस दिवसभर झोडपीत राहिला, की घोंगडीही हरते. मग ती पाणी पिते, दगडासारखी जड होते आणि दोन-दोन दिवस वाळत नाही. एखादे काम असे न संपता लोंबकळत राहिले, म्हणजे त्याचे 'भिजत घोंगडे' पडले असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार अशाच एखाद्या पावसाळ्यात जन्मला असावा.

आज खुद्द घोंगडीच्या धंद्याचेच भिजत घोंगडे झाले आहे, असे म्हणण्याची पाळी आली आहे. याला एकच कारण नाही. विट्यापासून फार दूर नसलेल्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे या सबंध भागात यंत्रमाग पसरले. पण यंत्रमागाने घोंगडीचा माग बंद पाडला, असे म्हणणे बरोबर नाही. यंत्राला एकसारखे आणि दणकट सूत लागते. दख्खनी मेंढीच्या आखूड, राठ केसांचे हातसूत त्याच्या वेगापुढे टिकत नाही. घोंगडीला खरी स्पर्धा झाली ती पानिपतसारख्या ठिकाणांहून येणाऱ्या रंगीबेरंगी ब्लँकेटांची. ती मऊ असतात, हलकी असतात, आणि स्वस्त असतात. पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद मिळू लागला. खोळीची गरज तेथेच संपली.

दुसरे कारण मेंढीतच आहे. मेंढपाळाचे उत्पन्न आता लोकरीवर नव्हे, तर कोकरांच्या विक्रीवर चालते. म्हणून तो अंगाने थोराड आणि झपाट्याने वाढणाऱ्या जाती पसंत करतो. जत तालुक्यातील माडग्याळ गावच्या नावाने ओळखली जाणारी, उंच, बाकदार नाकाची, पांढरी आणि तपकिरी ठिपक्यांची माडग्याळ मेंढी अशीच मांसासाठी नावाजलेली आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीचा बंगालमधील गरोळ मेंढीशी संकर घडवून, जुळी कोकरे देणारी 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. यात मेंढपाळाचा दोष नाही, आणि शास्त्रज्ञांचा तर नाहीच. घर चालवावयाचे, तर ज्याला भाव आहे तेच पिकवावे लागते. परंतु काळ्या लोकरीची मेंढी कळपातून एकेक करून कमी होत गेली, हेही तितकेच खरे. जी आहे तिची लोकरसुद्धा अनेकदा वाया जाते. कातरण्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून अधिक पडते, म्हणून कित्येक मेंढपाळ कातरलेली लोकर तशीच माळावर टाकून पुढे निघून जातात. आणि त्याच वेळी आपला देश ऑस्ट्रेलियातून व न्यूझीलंडमधून बारीक लोकर विकत आणीत असतो.

माळही पूर्वीसारखा राहिलेला नाही. कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते खानापूर, आटपाडीकडे नेणारी योजना झाली आणि कुसळे उगवणाऱ्या जमिनीत डाळिंब, द्राक्षे व ऊस उभे राहिले. ज्या आयांनी घागरीमागे मैलमैल पायपीट केली, त्यांना या पाण्याचे मोल विचारावे. तेव्हा चराऊ रान कमी झाले म्हणून कोणी पाण्याला नावे ठेवणार नाही. मात्र मेंढ्यांना पूर्वीपेक्षा दूर जावे लागते.

असे असले तरी माग अगदीच थांबलेले नाहीत. पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने चालणारे राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. सांगली जिल्ह्यातील रांजणी आणि सातारा जिल्ह्यातील दहिवडी येथे त्याची प्रक्षेत्रे आहेत. ज्यांना हातच्या वस्तूची पारख आहे, अशी शहरांतील माणसे आता मुद्दाम घोंगडी मागवू लागली आहेत. कोणी तिच्यावर बैठक करतो, कोणी तिच्या पिशव्या शिवतो. 'देसी ऊन' नावाचा एक छोटा चित्रपट दख्खनी लोकरीवरच निघाला. त्यातील मेंढ्या, माणसे आणि माळरान लोकरीचेच बनवलेले आहेत. २०२५ साली फ्रान्समधील आनसी येथील चलच्चित्र महोत्सवात त्याला परीक्षकांचे पारितोषिक मिळाले. माळावर टाकून दिलेली लोकर फ्रान्सपर्यंत जाऊन पोहोचली म्हणावयाची! आता उणीव भासते ती कातणाऱ्या हातांची. विणणे तरुण मुलगा वर्ष-दोन वर्षांत शिकू शकतो. पण रहाटावर बसणाऱ्या बहुतेक स्त्रिया म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि त्यांच्या सुनांना दिवसभराच्या कताईपेक्षा द्राक्षांच्या बागेत अधिक मजुरी मिळते.

घोंगडी विकली जाते ती आठवड्याच्या बाजारात आणि जत्रांत. आटपाडी तालुक्यातील खरसुंडीला सिद्धनाथाची, कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडीला बिरोबाची आणि पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची जत्रा भरते. भंडाऱ्याने पिवळ्याधमक झालेल्या गर्दीत विणकर घड्यांचा ढीग लावून बसतो. जाणता गिऱ्हाईक घडी उलगडतो, उन्हाकडे धरून वीण पाहतो, चिमटीत कडा चोळतो, नाकाशी नेऊन हुंगतो आणि मग भाव विचारतो. घासाघीस होते. ती दोन्ही बाजूंना आवडतेही.

अशा गर्दीत कधी कधी विणकराची नजर एखाद्या वृद्ध मेंढपाळाच्या खांद्यावरील जुन्या घोंगडीवर जाते. तिचा काळा रंग उन्हाने तांबूस पडलेला असतो, कडा झिजलेल्या असतात, एक-दोन जागी ठिगळही असते. तो जवळ जातो आणि विचारतो, "मामा, ही कुठं घेतली हो?"

"माझ्या बापानं घेतली होती. ह्याच जत्रंत."

विणकर घोंगडीचा पदर हातात घेतो आणि दशांच्या गाठी निरखून पाहतो. गाठी मारण्याची रीत घराघराची वेगळी असते. मग तो पदर पुन्हा नीट त्याच्या खांद्यावर ठेवतो, आपल्या जागेवर येऊन बसतो आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी नवी घडी उलगडतो.